कोर्सच्या फलकावर वस्तीचे नाव देण्याआधी



मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका काकांना लकवा मारला. डावा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले. सरकारी दवाखान्यात आठ दिवस काढून ते घरी आले. मुलगा कंपनीत, सून धुण्याभांड्याच्या कामाला. म्हणून दिवसभर सांभाळायला वस्तीतलीच एक मुलगी ठेवली. तिने 'पेशंट केअर'चा तीन महिन्यांचा कोर्स केला होता. मुलगी प्रेमळ, वेळेची पक्की. तिने काकांना आडवे ठेवूनच चमच्याने चहा पाजला. ठसका लागला. तिने पाठ चोळली आणि पुन्हा पाजला. तिसऱ्या दिवशी ताप चढला. चहा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जात होता, त्यातून न्यूमोनिया झाला. काका दुसऱ्यांदा दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत.

लकव्यानंतर बऱ्याच रोग्यांचे गिळणे बिघडते. म्हणून गिळणे तपासल्याशिवाय पाण्याचा घोटही द्यायचा नसतो. आम्ही त्या मुलीला विचारले, हे शिकवले होते का? ती म्हणाली, "नाही ताई. बीपी घ्यायला, डायपर बदलायला आणि चादर घालायला शिकवलं." तिला दोष कसा द्यायचा? उसने पैसे काढून तिच्या आईने फी भरली होती. आणि भरण्याआधी जो फलक पाहिला, त्यावर आमच्या आरोग्य गटाचे नाव होते. खाली लिहिले होते, 'यांच्या शिफारशीने'.

ते नाव आम्हीच दिले होते. कोर्सवाले गृहस्थ ओळखीचे, आपल्याच समाजातले. आमच्या शिबिराला त्यांनी मंडप दिला होता. त्यांनी विचारले, आम्ही हो म्हटले. गटात तिघी जणी नर्सिंग शिकलेल्या, पण एकीनेही त्या वर्गात जाऊन पाहिले नाही.

त्यानंतर आम्ही विहाराच्या सभागृहात चार बैठका घेतल्या. शिफारस म्हणजे जामीन राहणे, हे आम्हाला उशिरा कळले. कर्जाला जामीन राहताना आपण दहा वेळा विचार करतो, मग रोग्याच्या जिवाला जामीन राहताना किती करायला हवा? त्या बैठकांमधून जे नियम ठरले ते इथे देत आहोत. तुमच्या वस्तीतले महिला मंडळ, तरुण मंडळ, विहार समिती यांनाही ते उपयोगी पडतील.

पैसा आणि शिफारस वेगळी

ज्याच्या कोर्सची शिफारस करायची, त्याच्याकडून देणगी, मंडप, जेवण, हॉलचे भाडे काहीही घ्यायचे नाही. प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन तर नाहीच. आणि गटातल्या कुणाचा नातेवाईक तिथे शिकवत असेल, तर त्या सदस्याने निर्णयाच्या बैठकीत बसायचे नाही. हा नियम लिहिताना आमच्यातल्या दोघींना वाईट वाटले. पण संशय आल्यावर बाजूला होण्यापेक्षा आधीच बाजूला बसलेले बरे.

आपला असो, परका असो, कागद एकच

एसी हॉलमधली मोठी संस्था असो की एका खोलीत शिकवणारी निवृत्त सिस्टर, सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, मराठीत. तपासणीसाठी फी ठेवायची नाही. फी ठेवली की मोठे टिकतात आणि गरीब, प्रामाणिक शिकवणारे बाहेर पडतात. चकचकीत पुस्तिकेला गुण नाहीत. इंग्रजी बोलण्यालाही नाहीत.

काय शिकवता ते दाखवा

लकव्याच्या रोग्याची सेवा शिकवतो म्हणणाऱ्या कोर्समध्ये किमान इतके हवेच:

• झटका ओळखणे. हसायला सांगितले की तोंड एका बाजूला ओढते का, दोन्ही हात वर केले की एक खाली येतो का, बोलणे अडखळते का. यातले एकही दिसले तर लगेच १०८ ला फोन. गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही सीटी स्कॅननंतर. कारण झटका गाठीमुळे आहे की मेंदूत रक्तस्राव झाला आहे, हे स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून घरी ॲस्पिरिनची गोळी द्यायची नाही, तेल चोळत किंवा कबुतराचे रक्त लावत वेळ घालवायचा नाही. लक्षणे कधी सुरू झाली, ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगायची.

• गिळणे. रोग्याला ताठ बसवून भरवणे, लहान घास, खाल्ल्यावर अर्धा तास बसवून ठेवणे. ठसका लागला किंवा आवाज ओला, घरघरता झाला तर थांबून डॉक्टरांना कळवणे.

• कूस बदलणे. दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखमा होतात. लुळा हात धरून ओढायचा नाही, त्याने खांदा निखळतो.

• बोलणे. वाचा गेलेल्या रोग्याला अनेकदा सगळे कळत असते. त्याच्याशी लहान मुलासारखे बोलायचे नाही. एकावेळी एकच प्रश्न, उत्तराला वेळ.

• मन. लकव्यानंतर रोगी गप्प होतो, रडतो, औषध नाकारतो. त्याला हट्टी म्हणण्याआधी डॉक्टरांना सांगायचे.

• दुसरा झटका टाळणे. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद होऊ न देणे, तंबाखू, बिडी आणि दारू सोडायला मदत करणे.

• आपली हद्द. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी घालणे ही कामे आपली नाहीत, हे स्पष्ट शिकवणे.

यादी कागदावर असून भागत नाही. आमच्यापैकी दोघी एक पूर्ण दिवस वर्गात बसतात. मुलींच्या हाताने काम करून घेतात की नुसते मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात, ते एका दिवसात कळते.

कोण शिकवते

शिकवणाऱ्या नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे हवी. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टची नोंदणीही राज्याच्या परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागण्यात अपमान काही नाही, आम्ही आमचेही दाखवतो. शिवाय एक तास तरी लकव्यातून उठलेल्या माणसाने किंवा त्याला सांभाळणाऱ्या घरच्या बाईने बोलावे, अशी आमची अट आहे. दोन वर्षे नवऱ्याची कूस बदललेल्या मावशीला जे ठाऊक असते ते पुस्तकात सापडत नाही. आणि तिला त्या तासाचे मानधन द्यावे.

प्रमाणपत्राचे खरे सांगा

इथे आपल्या मुली सर्वात जास्त फसतात. एएनएम हा दोन वर्षांचा आणि जीएनएम हा तीन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहे. त्यानंतर परिषदेकडे नोंदणी झाली की नर्स म्हणता येते. तीन किंवा सहा महिन्यांच्या कोर्सने कुणी नर्स होत नाही. सरकारी कौशल्य योजनांमध्ये 'जनरल ड्यूटी असिस्टंट' असा कोर्स असतो. तो रोग्याच्या मदतनिसाचा आहे आणि ते काम मानाचे आहे. पण मदतनिसाला पांढरा गणवेश घालून 'सिस्टर' म्हणून पाठवणे ही रोग्याचीही फसवणूक आणि मुलीचीही. फी किती, परत कधी मिळेल, प्रमाणपत्र कुणाचे, त्यावर काय काम मिळते आणि काय मिळत नाही, हे पैसे भरण्याआधी लेखी द्यायला जो तयार नाही, त्याला आमचे नाव मिळणार नाही. '१०० टक्के नोकरी' लिहिणाऱ्यालाही नाही.

शिफारस किती दिवसांची

फक्त एक वर्षाची. तीही त्या एका कोर्सची, सगळ्या संस्थेची नव्हे. फलकावर तारीख लिहायची. शिकवणारे बदलले तर पुन्हा तपासणी. तक्रार आली तर दोन्ही बाजू ऐकायच्या आणि खरी निघाली तर नाव काढून घेतल्याचे विहाराच्या फलकावर लिहायचे. नाही म्हणायचे तेव्हा कारण लेखी द्यायचे आणि सुधारून पुन्हा येण्याची वाट मोकळी ठेवायची. कारण न सांगता नाही म्हणणे हाही अन्यायच.

हे असे करणारे आपण पहिले नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली सरकारने पक्षाघाताच्या सेवेसाठी राष्ट्रीय धोरण आणले. पुढे तिथे, या रोग्यांची सेवा करणाऱ्याला काय यायला हवे याची एक चौकट तयार झाली आणि कोर्स त्या चौकटीवर घासून मगच त्यांना मान्यतेचा शिक्का दिला जाऊ लागला. आधी चौकट, मग शिक्का. आपण आजवर उलटे करत आलो, आधी शिक्का आणि नंतर पश्चात्ताप.

नियम ठरल्यापासून तिघांनी अर्ज केले. मोठ्या संस्थेला आम्ही नाही म्हटले, कारण तिथे हाताने काही करून घेत नव्हते. एका निवृत्त सिस्टरचा वर्ग चांगला होता, पण बोलणे आणि मन हे विषय नव्हते. तिने महिनाभरात ते घातले, तिला शिफारस मिळाली. तिसरे ते मंडपवाले गृहस्थ. त्यांना कारणे लेखी दिली तेव्हा ते रागावले. "आपल्याच माणसाला पाडता?" म्हणाले. आम्ही सांगितले, काकाही आपलेच होते. त्यांनी आता गिळण्याचा धडा घातला आहे. पुढच्या महिन्यात आमच्या दोघी त्यांच्या वर्गात बसणार आहेत. पास झाले तर त्यांचेही नाव लागेल.

ती मुलगी सध्या सिस्टरच्या वर्गात पुन्हा शिकते आहे. तिची फी आमच्या गटाने भरली, कारण ते देणे आमचे होते.

तुमच्या घरात लकव्याचा रोगी असेल, तर दवाखान्यातून सुट्टी मिळताना एक प्रश्न जरूर विचारा: "यांचं गिळणं तपासलं का?" आणि मुलीला कोर्सला घालत असाल, तर फलकावरचे नाव पाहून थांबू नका. ज्यांचे नाव आहे त्यांना जाऊन विचारा, "तुम्ही वर्गात बसून पाहिलंय का?" आमचे नाव दिसले, तर आम्हालाही विचारा.