न्यूट्रॉनच्या विन्यास-फायली
ओपनस्टॅक (२०१०) या मेघ संगणन प्रणालीत आभासी जाळी उभारणाऱ्या न्यूट्रॉन या सेवेचे (२०१३ पर्यंतचे नाव क्वांटम) कार्य कसे चालावे हे ठरविणारी मूल्ये ज्यांत लिहितात, त्या फायली. समाईक मूल्ये एका फायलीत, तर निरनिराळ्या संगणकांवरील अभिकर्त्यांची, म्हणजे साहाय्यक आज्ञावलींची, स्वतंत्र फायलींत असतात. एकच मूल्य दोन फायलींत आल्यास साधारणतः नंतर वाचलेले ग्राह्य ठरते व आधीचे निमूटपणे बाद होते. त्यामुळे वाचनक्रम चुकला, तर दोष सहजी सापडत नाही. मुख्य सेवेची फाइल सर्व संगणकांवर जशीच्या तशी उतरविणे सोयीचे, पण अनिष्ट होय. तीत डेटाबेसचा परवलीचा शब्द असतो. अभिकर्ते डेटाबेसकडे थेट जात नाहीत, संदेश-रांगेमार्फत मुख्य सेवेशी व्यवहार करतात. तेव्हा ग्राहकांची आभासी यंत्रे चालविणाऱ्या संगणकांवर तो शब्द असण्याचे कारण नाही.