लोखंड आधी, ॲल्युमिनियम मागाहून

पृथ्वीच्या कवचातील मूलद्रव्यांची वजनाप्रमाणे मोजदाद केली असता असे आढळून येते की, ॲल्युमिनियम त्यात सुमारे ८ टक्के आणि लोखंड सुमारे ५ टक्के आहे. म्हणजे ज्या धातूचा साठा अधिक, तो माणसाच्या हाती लागला एकोणिसाव्या शतकात, आणि ज्याचा साठा कमी, त्याच्या कुऱ्हाडी, खंजीर व घोड्यांच्या लगामाच्या कड्या विदर्भातील माणसे अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या मृतांसोबत पुरीत होती. या विपर्यासाचे कारण प्राचीनांच्या अज्ञानात शोधण्याची जी प्रथा पडून गेली आहे, ती मला अन्यायाची वाटते. अग्नीच्या साहाय्याने जे साध्य होण्याजोगे होते ते त्यांनी बहुतेक सारे साध्य केले होते. ॲल्युमिनियम हा अग्नीला वश होणारा धातूच नव्हता.

सोन्यासारखे विरळ अपवाद सोडले तर धातू भूगर्भात शुद्धावस्थेत क्वचितच सापडतात. प्राणवायूशी किंवा गंधकाशी त्यांचा संयोग झालेला असतो, आणि धातू मिळविणे म्हणजे तो संयोग मोडणे. तांब्याचा संयोग शिथिल, म्हणून दायमाबाद व इनामगाव येथील वसाहतींना तांबे लोखंडाच्या कितीतरी आधी परिचित होते. लोखंडाचा संयोग त्याहून दृढ, परंतु कोळशाच्या आटोक्यातला. भट्टीत कोळसा अपुऱ्या हवेत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू उत्पन्न होतो, आणि तो लोहपाषाणातील प्राणवायू स्वतःकडे ओढून घेऊन लोखंड मोकळे करतो. लोखंड वितळविण्यास १,५३८ अंश सेल्सियस इतकी उष्णता लागते. ती जुन्या भट्ट्यांच्या आवाक्यात नव्हती, तथापि तिची गरजही नव्हती. बाराशे अंशांच्या आसपास पाषाणातील वाळू व माती वितळून मळीच्या रूपाने वाहून जाई, मागे लोखंडाचा सच्छिद्र गोळा उरे, आणि तो लालबुंद असतानाच ऐरणीवर घेऊन त्यावर घण घातले, की उरलीसुरली मळी बाहेर पडून फाळ घडविण्याजोगे लोखंड तयार होई.

अशी एक भट्टी आपल्या नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे सापडली आहे. शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी तेथे जे उत्खनन केले, त्यात वक्राकार विटांची एक लहानशी भट्टी, भात्याची हवा आत सोडण्याच्या मातीच्या नळ्या आणि धातुमळीचे खडे मिळाले, व तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराचा ठरला. त्या लोहारांपाशी ना तापमापक होता ना रसायनाचा ग्रंथ. हवा किती सोडावी, कोळसा व दगड यांचे प्रमाण काय राखावे, ज्वालेचा रंग कोणता झाला म्हणजे भट्टी फोडावी, हे सर्व ज्ञान हातांत आणि डोळ्यांत साठविलेले होते. मैकल पर्वतराजीतले अगरिया लोक तर पायांनी भाते दाबून विसाव्या शतकातही याच परंपरेने लोखंड गाळीत होते, आणि व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. या ज्ञानाला विद्या हेच नाव शोभते.

लोखंडाला आणखी एक अनुकूलता लाभली होती, ती अशी की उल्कांच्या रूपाने त्याचे धातुरूप तुकडे आकाशातूनही पडत. १६२१ साली जालंधरनजीक पडलेल्या उल्केपासून जहांगीर बादशहाने हत्यारे घडविण्याचा हुकूम दिला, आणि ते लोखंड घणाखाली टिकेना म्हणून तीन हिश्शांत एक हिस्सा साधे लोखंड मिसळावे लागले, हा तपशील त्याने आपल्या आत्मचरित्रात नमूद करून ठेवला आहे. ॲल्युमिनियमची अशी वर्दी माणसाला कधीच मिळाली नाही.

वास्तविक तोही सदैव हाताळण्यात होता. कुंभाराच्या चिकणमातीत तो आहे, तुरटीत आहे, कोकणातल्या जांभ्या दगडात आहे. परंतु प्राणवायूशी त्याचे सख्य इतके घट्ट की, एक किलो लोखंड मोकळे करण्यास जेवढी ऊर्जा किमानपक्षी खर्चावी लागते, तिच्या सुमारे चौपट ऊर्जा एक किलो ॲल्युमिनियमला लागते. शिवाय कोळशाचे सामर्थ्य येथे दोन हजार अंशांच्या घरात गेल्यावाचून चालत नाही, आणि तेथे पोहोचल्यावरही सुटलेला धातू पुन्हा कोळशाशीच संयोग पावतो किंवा वाफ होऊन निसटू लागतो. कुंभाराने आपली भट्टी कितीही पेटविली असती, तरी तीतून वीट किंवा मडकेच निघाले असते.

म्हणून वाट निराळी शोधावी लागली. ऑर्स्टेड यांनी १८२५ मध्ये डेन्मार्कात आणि व्होलर यांनी १८२७ मध्ये जर्मनीत, प्रथम ॲल्युमिनियमचे क्लोराइड करून, मग त्यातील क्लोरीन हिरावून घेण्यासाठी पोटॅशियम योजून या धातूचे अत्यल्प कण मिळविले. १८५४ साली फ्रान्समध्ये सेंट-क्लेअर देव्हिल यांनी पोटॅशियमऐवजी सोडियम वापरले व तिसऱ्या नेपोलियनने त्यांना द्रव्यसाहाय्य केले, कारण हलक्या धातूची शस्त्रसामग्री आपल्या फौजेला मिळेल अशी त्याला उमेद होती. परंतु सोडियमच मुळात महाग, तेव्हा त्याच्या बळावर काढलेला धातू स्वस्त कोठून होणार? १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर बसविलेला ॲल्युमिनियमचा तुकडा तीन किलोचाही नव्हता, आणि तरी तो त्या काळी अपूर्वाईची वस्तू ठरला.

अखेर १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू या दोघा तरुणांना, एकमेकांची वार्ताही नसताना, एकच युक्ती सुचली. दोघांचाही जन्म १८६३चा आणि मृत्यू १९१४चा, हा योगायोग विलक्षणच. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड वितळण्यास दोन हजारांहून अधिक अंश लागतात, परंतु वितळलेल्या क्रायोलाइट नामक खनिजात ते हजार अंशांच्या आतच विरघळते. त्या रसातून विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे धातू कुंडाच्या तळाशी साचतो. क्रायोलाइटची मोठी खाण ग्रीनलंडमध्ये होती, आणि मुबलक विद्युत् पुरविणारी जनित्रे या युक्तीच्या थोडी आधीच प्रचारात आली होती. दोन वर्षांनी रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी बॉक्साइट या खनिजापासून शुद्ध ऑक्साइड काढण्याची रीत सिद्ध केली, आणि ॲल्युमिनियमची किंमत झपाट्याने उतरली.

मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲल्युमिनियमची भांडी घडविण्यास प्रारंभ केला, पण त्यासाठीचा पत्रा परदेशातून आणावा लागे. आपल्या देशात हा धातू गाळण्याचे काम १९४३ साली केरळातील अलवाये येथे सुरू झाले, तेही जलविद्युत् उपलब्ध झाल्यावर. कोल्हापूरच्या राधानगरी भागातील सड्यांवर बॉक्साइट विपुल आहे, परंतु खनिज हाताशी असून भागत नाही. किलोभर ॲल्युमिनियममागे आजही सुमारे १४ युनिट वीज जाते, म्हणून हे कारखाने धरणांच्या किंवा दगडी कोळशाच्या आश्रयाने उभे राहतात. एकदा मोकळा झालेला धातू मात्र ६६० अंशांतच वितळतो, आणि मोडीत निघालेले पातेले पुन्हा ओतून घेण्यास मूळ ऊर्जेच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते. भंगाराच्या दुकानात ॲल्युमिनियमला लोखंडाहून कितीतरी चढा भाव मिळतो, त्याचे मुख्य कारण हेच.