पूररेषा, पंचनामा आणि विमा : रेणापूरच्या निमित्ताने

मराठवाड्याची ओळख दुष्काळी प्रदेश अशी करून देण्याची आपल्याला इतकी सवय जडली आहे की, येथे पुराचा विचार करावा असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली. परंतु त्याच मांजरा नदीने सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस काठ सोडले. धनेगावच्या धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि रेणापूर तालुक्यात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातील हसनाळ गावात रात्रीतून पाणी शिरले. माणसे गेली, जनावरे गेली. पुढच्याच महिन्यात मराठवाड्याचा मोठा भाग जलमय झाला. तेव्हा दुष्काळ आणि पूर ही दोन वेगळ्या प्रदेशांची दुःखे नव्हेत. ती एकाच प्रदेशाची आहेत.

रेणापूरला रेणा आहे, तालुक्याच्या कडेने मांजरा आहे, भंडारवाडीला रेणा मध्यम प्रकल्प आहे. आपली काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी आत घेत नाही. खाली काळा पाषाण. त्यामुळे एका रात्रीचा पाऊस थेट ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातो. धरण भरलेले असेल तर वरून सोडलेले पाणीही त्यात मिसळते. आठ महिने कोरडी असणारी नदी म्हणूनच फसवी. कोरड्या पात्राच्या कडेला घर बांधताना भीती वाटत नाही.

पण कडेला घर कोण बांधतो? वाडा उंचवट्यावर, पांढरीवर. महारवाडा, मांगवाडा बहुधा गावकुसाबाहेर, उताराला, ओढ्याच्या अंगाला. ही जागा आपण निवडली नव्हती. ती आपल्याला नेमून दिली होती. म्हणून पूर हा निसर्गाचा कोप आहे, हे अर्धेच खरे. पाणी निसर्गाचे, परंतु ते प्रथम कोणाच्या उंबऱ्यात शिरेल हे समाजव्यवस्थेने कितीतरी आधी ठरवून ठेवले आहे.

आता शासनाची भाषा समजून घेऊ. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने १९८९ साली पूररेषांचे धोरण ठरविले. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळ्या व लाल रेषेमधला नियंत्रित. येथे एक गैरसमज पसरलेला आहे. ‘पंचवीस वर्षांचा पूर’ म्हणजे एकदा येऊन गेला की पंचवीस वर्षे सुट्टी, असे नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की, दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात चार. म्हणजे निळ्या रेषेवरच्या घरात पंचवीस वर्षे काढणाऱ्या कुटुंबाला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता शंभरात चौसष्ट होते. लाल रेषेवरच्या घराला तीस वर्षांत हीच शक्यता शंभरात सव्वीस. घरकुलाचे कर्ज वीस वर्षांचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे आकड्यांचे गांभीर्य कळते.

बहुतेक लहान ओढ्या-नाल्यांना मात्र अशी रेषा आखलेलीच नसते. तेथे वस्तीची आठवण हाच नकाशा. पाणी कोठवर आले होते हे म्हाताऱ्या बाया बोट दाखवून सांगतात. ती खूण समाजमंदिराच्या आणि शाळेच्या भिंतीवर सालासकट रंगवून ठेवली पाहिजे.

पूर येऊन गेल्यावर भरपाईचा प्रश्न उभा राहतो आणि वस्तीत तीन गोष्टींची गल्लत होते. पीकविमा पिकाचा असतो, घराचा नव्हे. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून घेते ती सुरक्षा विमा योजना माणसाच्या अपघाती मृत्यूची व अपंगत्वाची. तीही घराची नव्हे. पुरात माणूस दगावला तर मात्र तिचे कागद जरूर शोधावेत. आणि तहसीलमधून मिळते ती मदत; तो विमा नव्हेच.

या मदतीचे निकष पाहा. राज्य आपत्ती निधीचे जे निकष २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरविले, त्यांत सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, कच्चे असो वा पक्के. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००, झोपडीला ८,०००. राज्य शासन वेळोवेळी वेगळा निर्णय घेऊन यात भर घालते, पण पाया हाच. म्हणजे ‘पूर्णतः’ आणि ‘अंशतः’ या दोन शब्दांत लाखावर रुपयांचे अंतर आहे आणि तो शब्द पंचनाम्यात लिहिला जातो. आपल्याकडची माळवदाची घरे पांढऱ्या मातीच्या भिंतींवर उभी असतात. पाणी बुडाशी मुरते, भिंत उभी दिसते, पंचनामा ‘अंशतः’ होतो. आणि ऊन पडल्यावर चार दिवसांनी तीच भिंत बसते. अशा वेळी पहिला पंचनामा झाला म्हणून गप्प बसू नये. नव्या पडझडीचे फोटो काढून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, फेरपंचनामा मागावा. शिवाय निकषांत घर अधिकृत बांधकाम असल्याचा दाखला अपेक्षित आहे. त्याकडे पुढे येतो.

मदत मिळते ती शासनाच्या मर्जीच्या चौकटीत. विमा हा करार आहे आणि करारात हक्क असतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी ठरवून दिली. अमेरिकेत घराच्या साध्या विम्यात पूर धरत नाहीत. म्हणून तेथल्या सरकारला १९६८ साली वेगळी पूरविमा योजना काढावी लागली. आपल्या या पॉलिसीत आग, भूकंप, वादळ यांबरोबर पूरही मूळ करारातच आहे. १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या जिल्ह्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

विम्याची रक्कम जमिनीच्या भावावर नव्हे, घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर काढतात. समजा, ४०० चौरस फुटांचे घर आहे आणि बांधकामाचा खर्च फुटाला १,२०० रुपये येतो. तर रक्कम ४,८०,००० रुपये. घरातील सामानाला याच्या २० टक्के, म्हणजे ९६,००० रुपयांचे संरक्षण आपोआप मिळते; त्याची कमाल मर्यादा दहा लाख. भाडेकरूही केवळ सामानाचा विमा घेऊ शकतो. नुकसान होताच कंपनीला कळवावे, सर्वेक्षक येईपर्यंत शक्य तितके पुरावे जपावेत. दावा नाकारला गेला तर पुण्याला विमा लोकपाल आहे. तेथे फी नाही, वकील लागत नाही.

एवढे असूनही आपल्या वस्त्यांत अशी पॉलिसी मला क्वचितच दिसली. गरिबी हे कारण आहेच. मजुरीवर जगणाऱ्याला न आलेल्या पुरासाठी पैसे भरणे जड जाते आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु दुसरे कारण अधिक खोल आहे. गवत, बांबू, प्लास्टिक, ताडपत्री यांचे घर कंपनीच्या भाषेत ‘कच्चे’. आणि ज्या मालमत्तेत आपला कायदेशीर हितसंबंध दाखवता येत नाही तिचा विमा उतरत नाही. गायरानावर, ओढ्याकाठी दोन पिढ्या राहिलेल्या माणसाजवळ कोणता कागद असतो? १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण ग्रामीण भागासाठी २०१८ साली आले. स्वामित्व योजनेतून २०२० पासून गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. पण ती गावठाणाची. गावकुसाबाहेरचा माणूस पुन्हा नकाशाबाहेर राहू शकतो. सर्वांत जास्त धोका ज्याला, मदत आणि विमा सर्वांत दूर त्यालाच, असा हा उलटा न्याय आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना, पुराचे पाणी शत्रू समजून नुसते लोटून देण्याऐवजी ते साठवून लोकांच्या उपयोगी आणण्याचा विचार मांडला. पाणी हा नियोजनाचा प्रश्न आहे, दैवाचा नव्हे, ही त्यातली दृष्टी. तीच आपण घरापर्यंत आणली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. पावसाळ्याआधी प्रत्येक घराचा फोटो, नमुना ८ चा उतारा आणि आधार-पासबुकाच्या प्रती उंचावरच्या सुरक्षित जागी ठेवाव्यात. ग्रामसभेत पूररेषेचा नकाशा मागावा आणि निळ्या रेषेत येणाऱ्या वस्तीसाठी कागदासह सुरक्षित जागेची मागणी ठरावाने करावी. नुसते ‘हटा’ हे उत्तर नव्हे. तिसरे, गरिबांच्या घरांचा विम्याचा हप्ता शासनाने सामूहिकरीत्या भरावा, ही मागणी लावून धरावी. नागालँड राज्याने २०२४ मध्ये आपत्तीसाठी विम्याचा करार केलाच आहे. महाराष्ट्राला ते अशक्य नाही.

पुराचे पाणी तीन दिवसांत ओसरते. कागद नसलेल्या माणसाचे नुकसान तीन पिढ्या ओसरत नाही. म्हणून लढा पाण्याशी जेवढा, तेवढाच जागेच्या हक्काशी आहे.