इलेक्ट्रोडायनॅमिक्स अवघड का जाते?



आमच्या नवीन जालन्यातली माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या बी.एस्सी.ला आहे. परवा घरी आली नि म्हणाली, "सर, इलेक्ट्रोडायनॅमिक्स डोक्यावरून जातंय. फिजिक्स सोडून देऊ का?" मी डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षक, तिची गणितं मला सुटणार नाहीत. पण बोलता बोलता ती नेमकी कुठे अडली ते कळलं.

हा विषय तिला अगदी नवा नाही. दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या पाठात त्याची ओळख झालेली असते. नवी असते ती त्याची भाषा, म्हणजे सदिशांचे गणित. डेव्हिड ग्रिफिथ्स यांच्या पदवी स्तरावरील प्रसिद्ध पुस्तकाचे पहिले प्रकरणही याच गणितावर आहे. ते कच्चे राहिले की पुढचे सगळे नियम नुसती चिन्हे वाटतात.

'कर्ल' हा शब्दच घ्या. कुंडलिका नदीच्या वाहत्या पाण्यात लहानशी फिरकी धरली आणि ती गरगर फिरू लागली, तर तिथे कर्ल आहे असे समजा. आता फॅराडेचा नियम पाहा: चुंबकीय क्षेत्र बदलले की त्याच्याभोवती फिरणारे विद्युत क्षेत्र तयार होते. आपल्या एमआयडीसीतल्या इंडक्शन भट्ट्या याच नियमावर चालतात. तांब्याच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती धारा जाते, आतल्या भंगारात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ज्योत न लावता लोखंड वितळते. त्याचीच पुढे सळई होते.

फॅराडेचे शालेय शिक्षण जेमतेम होते. १८३१ मध्ये त्याने हा शोध प्रयोगातून लावला. मॅक्सवेलने १८६५ मध्ये विद्युत आणि चुंबकत्वाचे नियम गणितात एकत्र बांधले. म्हणजे आधी चित्र, मग समीकरण. मुलांनीही याच क्रमाने शिकायला काय हरकत आहे?

आपण काय करू शकतो?
१) शाळेत वेटोळे, चुंबक आणि गॅल्व्हनोमीटर मुलांच्या हातात द्या. चुंबक स्थिर ठेवला की काटा का हलत नाही, ते त्यांनाच विचारा.
२) समीकरण पाठ झाले तरी त्याचा अर्थ साध्या मराठीत सांगायला लावा.
३) पालकहो, एका विषयात गुण कमी पडले म्हणून "तुला जमणार नाही" असे म्हणू नका.

तिला मी एवढंच सांगितलं, "महिनाभर फक्त सदिश पक्के कर, मग सोडायचं की नाही ते ठरव." ती वही घेऊन गेली आहे.

तुमच्याही मुलांचे असे अनुभव असतील तर जरूर कळवा.