नावाचा फेरफार

नांदगाव तालुक्यात जमीन घ्यायची म्हटली की माणूस आधी सातबारा काढतो. मग मागचे फेरफार पाहतो, वकिलाकडून शोध अहवाल करून घेतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्याला विचारतो. एवढं करूनही फसवणूक होते. पण कुठे आणि काय विचारायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. त्याच तालुक्यातली पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, शाळा किंवा कांद्याचा व्यापारी इंटरनेटवरचं नाव, म्हणजे डोमेन, घेतो तेव्हा मात्र यातलं काहीच होत नाही. वेबसाइट करून देणारा मुलगा सांगतो तेवढे पैसे दिले जातात आणि विषय संपतो. नाव कुणाच्या नोंदीवर चढलं, हे पाहायचं कुणाला सुचत नाही.

हे दुर्लक्ष महागात पडतं, कारण डोमेन आता विकत घेतलं जाणारं, भाव येणारं आणि म्हणूनच चोरीला जाणारं धन झालं आहे. ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे एक नाव २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला विकलं गेलं. या व्यापाराशी महाराष्ट्राचं नातंही जुनं आहे. तुरखिया बंधूंनी १९९८ मध्ये मुंबईत ‘डायरेक्टी’ सुरू केली आणि ती डोमेन नोंदणीच्या धंद्यातली जगातली एक मोठी कंपनी झाली. ‘डॉट ऑनलाइन’, ‘डॉट स्टोअर’ यांसारख्या नव्या शेपट्या चालवणारी ‘रॅडिक्स’ही त्याच घरातून निघाली. जिथे बाजार असतो तिथे चोरीचा मालही येतो. डोमेनच्या बाजारात तो ओळखायचा कसा, आणि आपलं नाव चोराच्या हाती जाऊ द्यायचं नाही ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मालकी कुठे राहते

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांसाठी नोंदवायचं आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करत राहायचं. या व्यवस्थेच्या वरच्या टोकाला १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही संस्था आहे. ‘डॉट कॉम’ची मूळ नोंदवही ‘व्हेरिसाइन’ ही अमेरिकी कंपनी सांभाळते, तर ‘डॉट इन’ची नोंदवही ‘निक्सी’ ही २००३ मध्ये स्थापन झालेली भारतीय संस्था. तुमचा-आमचा संबंध येतो तो रजिस्ट्रारशी, म्हणजे नोंदणी करून देणाऱ्या कंपनीशी. रजिस्ट्रारकडे आपलं एक खातं असतं आणि त्या खात्याला एक ईमेल जोडलेला असतो.

सगळी गोम त्या ईमेलमध्ये आहे. पासवर्ड विसरला तर नवा त्याच ईमेलवर येतो. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर लागणारा गुप्त कोडही बहुधा तिथूनच हाती लागतो. त्यामुळे ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती नाव. चोराला संगणकशास्त्रात पारंगत असण्याची गरज नसते. एका कारकुनाचा सोपा पासवर्ड त्याला पुरतो.

एक खोटं पत्र आणि एक संयमी चोर

डोमेनचोरीच्या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण साध्या कागदावर घडलं. गॅरी क्रेमेन या अमेरिकी उद्योजकाने १९९४ मध्ये ‘सेक्स डॉट कॉम’ हे नाव नोंदवलं होतं. १९९५ मध्ये स्टीफन कोहेन या भामट्याने ‘नेटवर्क सोल्यूशन्स’ या नोंदणी कंपनीकडे एक बनावट पत्र दिलं. क्रेमेनच्या कंपनीला आता या नावाची गरज नाही आणि ते कोहेनला द्यायला तिची हरकत नाही, असा त्याचा मजकूर. कंपनीने क्रेमेनला साधा फोनही न करता नाव कोहेनच्या हवाली केलं. ते परत मिळायला २००० साल उजाडलं. पुढे न्यायालयाने कोहेनला साडेसहा कोटी डॉलर भरायला सांगितले, तेव्हा तो देश सोडून पळाला. २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने या प्रकरणात निर्वाळा दिला, की डोमेन ही मालमत्ता आहे आणि ती बेकायदा बळकावली गेली तर मालकाला भरपाई मागता येते.

पाव शतकानंतर त्याच तंत्राची सुधारलेली आवृत्ती दिसली. ‘पर्ल’ या संगणकभाषेचं ‘पर्ल डॉट कॉम’ हे संकेतस्थळ २०२१च्या जानेवारीत अचानक भलतीकडे वळलं. ते सांभाळणाऱ्यांनी माग काढला तेव्हा कळलं, की खात्यावर कब्जा आदल्या सप्टेंबरमध्येच झाला असावा. डिसेंबरमध्ये नाव चीनमधल्या एका रजिस्ट्रारकडे नेलं गेलं; तरी संकेतस्थळ नेहमीसारखं चालू ठेवलं, म्हणून कुणाला शंका आली नाही. जानेवारीत ते तिसऱ्या रजिस्ट्रारकडे सरकवलं आणि १ लाख ९० हजार डॉलरला विक्रीला काढलं. पर्लच्या लोकांची जगभर ओळख होती, म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला नाव परत मिळालं. एखाद्या तालुक्याच्या गावच्या संस्थेसाठी असं कोण धावेल?

चोर थांबला, त्यामागे हिशेब होता. नुकत्याच हललेल्या डोमेनची पुढची बदली साठ दिवस अडवता येते. तेवढा काळ गप्प बसायचं, मग एका देशातून दुसऱ्या देशात नाव फिरवायचं, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर शोध घेणं अवघड होतं.

घेणाऱ्याचं काय होतं

चोरीचं नाव शेवटी कुणाच्या तरी गळ्यात पडतं. ‘पीटूपी डॉट कॉम’ हे नाव २००६ मध्ये न्यू जर्सीतल्या एका तरुणाने मालकांच्या ईमेलमध्ये घुसून चोरलं आणि ‘ईबे’वर लिलावात विकलं. घेणारा होता व्यावसायिक बास्केटबॉलपटू मार्क मॅडसन. त्याने १ लाख ११ हजार डॉलर मोजले. आपण चोरीचा माल घेतोय याची त्याला कल्पना नव्हती. चोराला २०११ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेत डोमेनचोरीबद्दल झालेली ही पहिली फौजदारी शिक्षा मानली जाते. पण ज्याने खरे पैसे मोजले, त्याला शिक्षेची बातमी काय भरून देणार?

म्हणून खरेदीदाराने एक फरक मनावर कोरून ठेवावा: ताबा म्हणजे मालकी नव्हे. विक्रेत्याला डोमेनच्या तांत्रिक नोंदीत आपण सांगितलेली ओळ टाकून दाखवायला सांगण्याची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण त्यातून फक्त ताबा सिद्ध होतो. आणि ताबा चोराकडेही असतोच. मालकी तपासायची तर मागे जावं लागतं. ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या संग्रहात त्या नावावर पूर्वी कोणतं संकेतस्थळ होतं ते पाहावं. तिथे कारखाना, दवाखाना, संस्था दिसली, तर त्या जुन्या पानावरचा फोन क्रमांक घेऊन सरळ विचारावं, ‘हे नाव तुम्ही विकलंत का?’ चोरीचं बिंग बहुतेक वेळा या एका फोनने फुटतं.

पूर्वी ‘हू इज’ या सार्वजनिक नोंदीत मालकाचं नाव-पत्ता सहज दिसायचा. युरोपचा गोपनीयता कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाल्यापासून बहुतेक तपशील झाकले जातात. त्यामुळे जुन्या नोंदी साठवून ठेवणाऱ्या सेवांचं महत्त्व वाढलं. अनेक वर्षं एकाच रजिस्ट्रारकडे असलेलं नाव गेल्या दोन-तीन महिन्यांत देश बदलून हललं असेल, ईमेल नुकताच बदललेला असेल, भाव बाजारापेक्षा फारच कमी असेल आणि ‘आज रात्रीच व्यवहार करू’ अशी घाई असेल, तर तिथून उठून यावं.

पैसे कधीही थेट अनोळखी खात्यात पाठवू नयेत. तिऱ्हाईताकडे रक्कम ठेवण्याची सोय असते; नाव आपल्या खात्यात आल्यावरच ती विक्रेत्याला मिळते. १९९९ पासून चालणारी ‘एस्क्रो डॉट कॉम’ ही त्यातली जुनी सेवा. पण भामटे तिच्यासारखीच दिसणारी खोटी संकेतस्थळं उभारून दुवा पाठवतात. म्हणून तो पत्ता स्वतः टाइप करावा.

विकणाराही सुरक्षित नसतो. ‘तुमचं नाव मोठ्या किमतीला घेतो, फक्त अमुक ठिकाणाहून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणा’ असा निरोप येतो. विक्रेता प्रमाणपत्राचे पैसे भरतो आणि गिऱ्हाईक नाहीसं होतं, कारण प्रमाणपत्र विकणारा आणि गिऱ्हाईक एकच असतात. ‘चीनमधली एक कंपनी तुमच्या नावाने डोमेन घेतेय, आधी तुम्ही घ्या’ हे भीतीचं पत्रही त्याच जातीचं.

नाव न चोरता केलेली चोरी

मुंबई उच्च न्यायालयासमोर १९९९ मध्ये ‘रेडिफ’ या इंटरनेट कंपनीचा खटला आला. समोरच्या पक्षाने ‘रॅडिफ डॉट कॉम’ घेतलं होतं. फरक रोमन लिपीतल्या एका अक्षराचा. डोमेन हा नुसता पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळायला हवं, असं न्यायालयाने सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने मे २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात हेच तत्त्व देशभरासाठी पक्कं केलं.

तरी खोटी नावं थांबली नाहीत. हिंदुस्थान युनिलिव्हरच्या नावाशी साम्य असलेली डोमेन वापरून लोकांना फसवलं जात होतं. ते प्रकरण २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आलं. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तेव्हा नोंदणीचं वास्तव स्पष्ट केलं: नाव देण्याची सारी प्रक्रिया यंत्रावर आपोआप चालते, मागणाऱ्याचा हेतू तपासायला तिथे माणूस बसलेला नसतो. म्हणजे डोमेन मिळालं, याचा अर्थ कुणी खात्री केली असा होत नाही.

शेतकऱ्यांना हे ‘पीएम कुसुम’ योजनेत सोसावं लागलं. सौर कृषिपंपांची ही योजना २०१९ मध्ये आली आणि पाठोपाठ ‘कुसुम’, ‘योजना’, ‘ऑनलाइन’ हे शब्द जोडून केलेली खोटी संकेतस्थळं उगवली. ती नोंदणी शुल्काच्या नावाखाली पैसे आणि कागदपत्रं गोळा करत. केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला त्यांची नावं जाहीर करून पुन्हापुन्हा सावध करावं लागलं. न्यायडोंगरी किंवा बोलठाणच्या शेतकऱ्याला एवढी एक खूण पुरेशी आहे: ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ ही शेपटी फक्त सरकारला मिळते, ‘डॉट ओआरजी डॉट इन’ किंवा ‘डॉट सीओ डॉट इन’ कुणालाही मिळते.

टाकून दिलेली नावं

१९९९च्या नाताळात हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना आपलं खातं उघडेना. पुण्याच्या बिशप्स शाळेत शिकलेल्या सबीर भाटियांनी उभी केलेली ही सेवा तेव्हा मायक्रोसॉफ्टकडे होती, आणि मायक्रोसॉफ्ट ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली होती. एका परक्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ते भरले. जगातली सर्वांत बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनी तारीख विसरते, तर पतसंस्था का विसरणार नाही?

यात आता नवा पदर आला आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये घोषणा केली आणि नंतर बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. ही शेपटी हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या संस्थेमार्फत केवळ बँकांना मिळते. निर्णय अतिशय योग्य आहे. पण जुन्या नावांकडे कोण पाहणार? ती पासबुकांवर, कॅलेंडरांवर, भिंतीवरच्या रंगात, ग्राहकांच्या सवयीत आहेत. नव्या पत्त्यावर गेलो म्हणून जुन्याचं नूतनीकरण थांबवलं, तर ‘डॉट कॉम’सारखं नाव सुमारे अडीच महिन्यांच्या सवलतीनंतर खुलं होतं आणि कुणीही ते रीतसर घेऊ शकतं. ही चोरीही ठरत नाही. त्या नावावर खोटी बँक उभी राहिली, तर फसणारे आपलेच खातेदार असतील. म्हणून जुनं नाव अनेक वर्षं सांभाळून नव्याकडे वळवत राहणं, हे बँकेचं कर्तव्य आहे.

आता काय करायचं

नाव चोरीला गेलं तर वेळ हाच सगळ्यांत मोठा वैरी. आपल्या रजिस्ट्रारला ताबडतोब कळवावं. आयकॅनच्या नियमांत रजिस्ट्रारांसाठी आणीबाणीचा संपर्क ठेवलेला असतो आणि त्याला चार तासांत प्रतिसाद द्यावा लागतो. १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी दुसऱ्याचा पासवर्ड वापरणाऱ्याला आणि ६६-डी तोतयेगिरीने फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. लवादाची वाटही आहे, पण ती मुख्यतः व्यापारचिन्हाच्या हक्कावर चालते. ज्या छोट्या संस्थेने आपलं चिन्ह कधी नोंदवलंच नाही, तिला तिथे उभं राहणं जड जातं.

म्हणून खरं काम आधीचं आहे. माझ्या मते आपल्या गावांत भामट्यापेक्षा मोठा धोका भिडस्तपणाचा आहे. ओळखीच्या मुलाने साइट केली, नाव त्याच्या खात्यावर राहिलं, आणि विचारायचं कसं म्हणून कुणी विचारलं नाही. तो पुण्याला नोकरीला गेला की संस्थेचं नाव त्याच्या जुन्या ईमेलमध्ये अडकतं. त्याची नियत चांगली असली तरी त्याचा ईमेल कुणीही फोडू शकतो.

नांदगाव-मनमाडच्या प्रत्येक संस्थेने पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा. डोमेन संस्थेच्या नावावर आहे का, ईमेल संस्थेचा आहे का, दुहेरी पडताळणी आणि बदलीचं कुलूप (नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेणं अडवणारी सोय) लावलं आहे का, मुदत कधी संपते, हे विचारावं. उत्तरं डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, टेबल-खुर्च्या जिथे नोंदवतो तिथेच, लिहावीत आणि दरवर्षी लेखापरीक्षकाला दाखवावीत. संस्था सभासदांच्या पैशांतून उभी राहते. तिचं नावही त्यांचंच आहे, आणि ते कुणाकडे आहे हे विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.