नेपाळी स्वयंपाकातील गाजर

डाळ, भात आणि तरकारी हे नेपाळातील रोजचे जेवण. हिवाळ्यात या तरकारीत फुलकोबी, बटाटा व वाटाणा यांच्या जोडीला गाजर असते; त्याचे नावही तेथे गाजरच. रातांधळेपणास नेपाळीत ‘रतन्धो’ म्हणतात. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना जडणारा हा विकार टळावा म्हणून १९९३ साली तेथे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व लहान मुलांना वर्षातून दोनदा या जीवनसत्त्वाची मात्रा दिली जाऊ लागली. मात्रा दोनदाच, भाजी मात्र रोज पानात पडू शकते. गाजरातील कॅरोटीनपासून शरीर हेच जीवनसत्त्व तयार करते. त्यासाठी जेवणात थोडी स्निग्धता हवी; नुसत्या कच्च्या गाजरातील बराच अंश अंगी लागत नाही.

येथे नेपाळी गृहिणीची रीत उपयोगी पडते. तरकारी ती मोहरीच्या तेलात परतते. ताज्या अचारासाठी गाजराच्या उभ्या फोडींना मीठ, मिरची, भाजलेल्या तिळाचे कूट व लिंबाचा रस लावते आणि तेलात मेथ्या काळपट होईतो तळून, हळद टाकून, ती फोडणी वर ओतते. चिमूटभर तिमूर असल्यास स्वाद खुलतो; तिमूर हा कोकणातील तिरफळाचाच भाऊबंद. लहान मुलांसाठी मिरची वगळावी, गाजर शिजवून कुस्करावे आणि थोड्या तेलासह डाळभातात कालवावे.