गोधडीचे टाके आणि श्रमाचे मोल

जीर्ण झालेली वस्त्रे टाकून न देता त्यांचे थर एकावर एक रचावेत आणि धावदोऱ्याने बांधून त्यांचे पांघरूण करावे, ही प्रथा भारताच्या बहुतेक प्रदेशांत आढळते. महाराष्ट्रात त्याला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, कर्नाटकातील सिद्दी समाजात कवंदी, तर राजस्थान व गुजरातच्या पश्चिम भागात रल्ली. नावे भिन्न असली तरी मूळ तंत्र एकच आहे. हे काम बहुतांशी स्त्रियांनी शेती आणि घरकामातून उरलेल्या वेळात केले. घरच्यासाठी केलेल्या कामाची किंमत ठरविण्याचा प्रश्नच नव्हता. आज याच वस्तूला शहरांतून व परदेशांतून मागणी आहे आणि छंद म्हणून हाती घेतलेले काम अनेक ठिकाणी उपजीविकेचे साधन होऊ पाहत आहे. अशा वेळी जुनी सवय आड येते. विक्रीची किंमत ठरविताना कापडाचा हिशेब होतो, टाक्यांचा होत नाही.

परंपरेचा विस्तार

बंगालच्या कांथ्यात जुन्या साड्यांचे थर घेऊन त्यांवर बारीक धावदोरा घालतात. पूर्वी हा दोरा साडीच्याच काठातून उसवून काढीत असत. साध्या टाक्यांतून फुले, पक्षी, रथ व कथाप्रसंग उमटविलेला तो नक्षी कांथा होय. सोळाव्या-सतराव्या शतकांत सातगाव परिसरातून भरतकाम केलेली पांघरुणे पोर्तुगीज व्यापारी युरोपात नेत असत. त्यांतील काही आजही तेथील संग्रहालयांत आहेत.

बिहारमधील सुजनी ही मुळात नवजात बाळाला गुंडाळण्याची मऊ घडी. मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसरा गावात १९८८च्या सुमारास या कलेचे पुनरुज्जीवन झाले आणि तेथील स्त्रिया हुंडा, मुलींचे शिक्षण यांसारखे विषय कापडावर मांडू लागल्या. या कार्याबद्दल निर्मला देवी यांना २०२५ साली पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी हे आफ्रिकी वंशाचे लोक. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोव्यात आणले गेले व तेथून घाटातील जंगलांत आले. त्यांच्या कवंदीत रंगीत तुकडे कडेकडून जोडीत टाके मध्याकडे नेतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांचे ‘फुल’ लावतात. त्यावाचून कवंदी उघडी दिसते, असे तेथील स्त्रिया मानतात.

याहून निराळी परंपरा जयपूरची. तेथील रजाई जुन्या कापडाची नसून नव्या छापील कापडात पिंजलेला कापूस भरून केलेली असते आणि हलकेपणासाठी प्रसिद्ध आहे. भरूचच्या सुजनीला तर टाकाच लागत नाही. मागावर विणतानाच दोन पदरांमधील कप्प्यांत कापूस भरला जातो.

उबेचे आणि टिकाऊपणाचे तंत्र

ऊब कापडापेक्षाही थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेने मिळते. टाक्यांचे काम थर एकत्र ठेवणे आणि भरण सरकू न देणे हे होय. टाके फार ओढले तर थर दाबले जाऊन हवा कमी राहते. फार सैल ठेवले तर धुतल्यावर आतील कापसाच्या गाठी होतात. म्हणून सुट्या पिंजलेल्या कापसाच्या रजाईत टाक्यांच्या ओळी जवळजवळ घ्याव्या लागतात. नुसत्या कापडी थरांच्या गोधडीत त्या विरळ असल्या तरी चालतात, कारण तेथे सरकणारे भरण नसते.

विक्रीसाठी गोधडी करताना कापडाची पूर्वतयारी महत्त्वाची ठरते. सर्व कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने आटत नाही. दोन्ही न धुता एकत्र शिवली तर पहिल्याच धुण्यात गोधडीला सुरकुत्या पडतात. गडद लाल व निळ्या कापडाचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. सुती कापडास सुती दोरा वापरावा. थर रचल्यावर मध्यापासून कडांकडे कच्चे टाके घालीत जावे, म्हणजे चोळामोळा बाहेर निघून जातो. पक्के टाके पूर्ण झाल्यावरच कच्चे काढावेत.

कडा आणि कोपरे

गोधडी सर्वप्रथम कडेला फाटते, कारण ओढताना व झटकताना तिथेच हात पडतो. टाके संपल्यावर कडा सरळ रेषेत कापून चारही कोपरे गुण्यात आहेत ना, हे कर्णाची दोन्ही मापे समान येतात का त्यावरून तपासावे. सरळ कडेला सरळ पट्टी पुरते; गोलाई असेल तर उरेब पट्टीच घ्यावी, अन्यथा कड आखडते. पट्टी दुहेरी दुमडून लावल्यास ती अधिक टिकते. कोपऱ्यावर पट्टी ओढून न नेता तिरपी घडी घालून बसवावी आणि मागील बाजू हाताने तुरपावी. दोऱ्याच्या गाठी बाहेर न ठेवता थरांमध्ये ओढून घ्याव्यात. जाणकार ग्राहक गोधडी उलटी करून पाहतो. तिची किंमत त्या क्षणी ठरते.

वेळेचा हिशेब

आता एका गोधडीचे गणित पाहू. लांबी २२५ सेंटिमीटर, रुंदी १५० सेंटिमीटर आणि ओळींमधील अंतर २ सेंटिमीटर असेल, तर ७५ ओळी होतात. प्रत्येक ओळ सव्वादोन मीटरची, म्हणजे एकूण टाका सुमारे १६९ मीटर. सराव असलेली स्त्री तासाला चार मीटर टाका घालते असे धरले, तर नुसत्या टाक्यांना सुमारे ४२ तास लागतात. कापणी, रचना आणि कडा यांचे ८ तास धरून एकूण ५० तास होतात.

समजा, सामग्रीचा खर्च ६०० रुपये आहे आणि ही गोधडी १,२०० रुपयांना विकली गेली. विकणारीला वाटते, दुप्पट पैसे आले. प्रत्यक्षात ५० तासांच्या श्रमाचे ६०० रुपये, म्हणजे तासाला १२ रुपये पडले. आठ तासांचा दिवस धरला तर रोज ९६ रुपये. तासाला ५० रुपये हा माफक दर लावला, तरी श्रमाचे २,५०० आणि सामग्रीचे ६०० मिळून किंमत ३,१०० रुपयांवर जाते. वाहतूक, दुकानदाराचा वाटा आणि न विकला गेलेला माल यांचा भार त्याहून वेगळा.

छंद म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीने हा हिशेब न ठेवल्यास कोणी आक्षेप घेणार नाही. परंतु तीच व्यक्ती हौसेखातर १,२०० रुपयांना विकू लागली, तर बाजारातील दर तेथे स्थिरावतो आणि त्यावर घर चालविणारीचे नुकसान होते.

व्यवहार्य मार्ग

पहिला मार्ग वस्तूच्या निवडीचा. ९० सेंटिमीटर चौरसाच्या बाळाच्या दुपट्याला याच अंतराने सुमारे ४० मीटर टाका लागतो, म्हणजे १० तास. इतर कामाचे ३ तास आणि १५० रुपयांची सामग्री धरल्यास योग्य किंमत ८०० रुपये येते. प्रारंभी अशा लहान वस्तू कराव्यात. भांडवल कमी गुंतते आणि हात बसतो.

दुसरा मार्ग श्रमविभागणीचा. बचत गटात कापणी, जोडणी, टाके आणि कडा ही कामे वाटून घेता येतात. येथे नगावर मजुरी देण्याची पद्धत अन्यायकारक ठरते, कारण दाट टाक्यांची आणि विरळ टाक्यांची गोधडी एकच नग मानली जाते. त्याऐवजी टाक्याच्या मीटरवर मजुरी ठरवावी. वरील दराने ती मीटरला साडेबारा रुपये येते. नक्षीच्या बारीक टाक्याला ती अधिक असावी. लांब जोड व पट्टी यंत्रावर आणि पृष्ठभाग हाताने, अशीही विभागणी शक्य आहे. मात्र कोणते काम यंत्राचे व कोणते हाताचे, हे ग्राहकास स्पष्ट सांगितले पाहिजे. हाताच्या टाक्याची किंमत या विश्वासावरच उभी असते.

संस्थात्मक साहाय्य

बिहारच्या सुजनीला २००६ साली आणि बंगालच्या नक्षी कांथ्याला २००८ साली भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. या नोंदणीमुळे नावाचा गैरवापर रोखण्याचा कायदेशीर आधार मिळतो. परंतु कारागिराने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली तरच त्या आधाराचा तिला उपयोग होतो. विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाचे ‘पहचान’ ओळखपत्र कारागिरांच्या योजना व मेळ्यांसाठी उपयुक्त आहे. बचत गटांना सरस मेळ्यांतून थेट ग्राहकापर्यंत पोहोचता येते. मुद्रा योजनेतील शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज मिळू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. गोधडीकामाचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही. गोधडी करणारी स्त्री स्वतःला शिंपी म्हणवीत नाही आणि गावही तिला तसे मानीत नाही. त्यामुळे यादीत ती सहजासहजी दिसत नाही.

हे चित्र पालटण्याची सुरुवात एका साध्या वहीपासून होऊ शकते. प्रत्येक गोधडीमागे किती मीटर टाका पडला आणि किती तास गेले, याची नोंद गटाने ठेवावी. दर ठरविताना, कर्ज मागताना आणि व्यापाऱ्याशी बोलताना ती नोंदच पुरावा ठरेल. कापडाला दुसरे आयुष्य देण्याचे कसब या स्त्रियांपाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या कसबासाठी लागणारे तास मोजले गेले, तरच हा व्यवसाय त्यांना पोसू शकेल.